अकाउंट उडवणारे सायबर सर

काल आमच्या दुकानात परत सायबर सरांचा फ्लेक्स छापायला आला आणि माझं डोकंच फिरलं. टेंभुर्णीच्या कुठल्यातरी मंडळाचा होता. वर सरांचा फोटो, काळा गॉगल, हाताची घडी, मागं हिरवे आकडे पडतायत असा पडदा आणि खाली हे एवढाल्या अक्षरात, 'इंटरनेटवरचे पुरावे कसे जपावेत? प्रमुख मार्गदर्शक'. मी मशीन थांबवलं आणि हसतच सुटले. काका म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काका, हा माणूस पुरावे जपायला शिकवणार!" काकांनी फ्लेक्स बघितला, चष्मा पुसला, परत बघितला आणि म्हणाले, "छाप बाई. आपल्याला काय."

छापला. पण तेव्हापासनं हात शिवशिवतायत. म्हणून हे लिहितेय, तेही सुसाट, चुका झाल्या तर माफ करा. टेंभुर्णीच्या लोकांनी हे व्याख्यानाच्या आधी वाचलं तर लई बरं.

सोलापुरात नवी पेठेत आमचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स, लग्नपत्रिका, सगळं करतो. दुकान काकांचं, डिझाइन माझं. दारात, कापडाच्या गाठोड्यांच्या आणि रिक्षांच्या मधी, एक लाल प्लास्टिकची खुर्ची असायची. ती गिऱ्हाइकांसाठी होती. सरांनी तिचं ऑफिस केलं. शटर वर गेलं की सर हजर. "काका, जरा टेकतो," म्हणायचे आणि मग दुपारी जेवायलाच उठायचे.

नाव नागनाथ. सर का, ते कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणायचं पूर्वी टायपिंगचा क्लास होता, कुणी म्हणायचं मोबाइल रिचार्जचं खोकं होतं. पण एकदा आपल्याकडं एखाद्याला सर म्हटलं की संपलं, मरेपर्यंत सर. कमरेला दोन फोन, हातात तिसरा. तिसऱ्याची काच फुटलेली. तो का वापरता विचारलं तर इकडंतिकडं बघून हळू आवाजात सांगायचे, "तो डार्क वेबचा." कानात कायम ब्लूटूथ. त्याचा दिवा लागलेला मी जन्मात बघितला नाही. आणि तिन्ही फोनचं लॉक काय, तर सरळ खाली ओढलेली एक रेघ. शहराला पासवर्डवर भाषणं देणारा माणूस!

प्रत्येक वाक्याला 'तांत्रिकदृष्ट्या' लागायचं त्यांना. "तांत्रिकदृष्ट्या आज ऊन जास्त आहे." "तांत्रिकदृष्ट्या हा चहा गार झालाय." आमचा चहावाला अन्वरभाई शेवटी शेवटी विचारायला लागला होता, "सर, कट देऊ का तांत्रिक देऊ?" सरांना टोमणा कळायचाच नाही. ते म्हणायचे, "कट."

आता त्यांचं काम काय होतं, ते सांगते. कुणाच्या नावानं खोटं अकाउंट निघालं, कुणाचा फोटो कुणी कुठं टाकला, कुणाला कुणी घाण मेसेज केले, की लोक पोलिसात जायच्या आधी आमच्या खुर्चीकडं यायचे. सर ऐकून घ्यायचे. हे मात्र त्यांना यायचं, खोटं कशाला बोलू. मान हलवत, मधे न बोलता ऐकायचे. बाया रडल्या तर पाण्याची बाटली पुढं करायचे. आमची बाटली, पण करायचे. मग फुटका फोन काढून आपल्या ग्रुपवर मेसेज टाकायचे, "मित्रांनो, ही लिंक उघडा, रिपोर्ट मारा!" ग्रुपमधे त्यांची ढीगभर भक्तमंडळी. सगळी धडाधड रिपोर्ट मारायची. बऱ्याचदा कंपनी ते अकाउंट बंद करून टाकायची. अकाउंट गेलं की सर खुर्चीतनं उठायचे, हात असा विमानासारखा वर न्यायचे आणि ओरडायचे, "उडवलं!"

बस. एवढीच विद्या. पेढे यायचे, शाल यायची, फोटो निघायचा. ज्यानं ते घाण केलं तो घरी बसून दुसऱ्या नावानं दुसरं अकाउंट काढायचा. त्याला कधी कुणी धरलं नाही, कारण धरायला काही उरायचंच नाही. पण ज्याच्या नावानं घाण लिहिलेली असते ना, त्याला त्या वेळी पुरावा नको असतो. त्याला ते डोळ्यासमोरनं जायला हवं असतं, ताबडतोब. सर त्याच्यावर जगले.

आणि त्यांचा पुरावा! अहो त्यांचा पुरावा म्हणजे काय चीज होती ते मीच सांगू शकते, कारण तो आमच्याच मशीनवर निघायचा. फोनवर स्क्रीनशॉट काढायचे. मग त्याच्यावर स्वतःची भगवी पट्टी चिकटवायचे. 'सायबर कवच, नागनाथ सर', शेजारी गॉगलवाला फोटो. पट्टी कायम सगळ्यात वर, कारण, "माणसाची नजर आधी वर जाते, स्वाती." आता इंटरनेटवर कुठल्याही पानाचा पत्ता कुठं असतो? वर! नेमका पट्टीखाली. म्हणजे घाण काय लिहिली ते दिसणार, कुठं लिहिली ते दिसणार नाही, पण सर दिसणार. मी एकदा म्हटलं, "सर, पत्ता झाकला जातोय की." तर म्हणाले, "पत्ता लोकांना माहितेय, नवी पेठ."

वर आणि ते लॅमिनेट करून घ्यायचे. "पुरावा टिकला पाहिजे." बाहेरगावी व्याख्यानाला जाताना कडक चकचकीत पुराव्यांचा गठ्ठा पिशवीत घेऊन जायचे आणि पोरांसमोर टेबलावर आपटून दाखवायचे. टिकाऊ म्हणून.

एक चादरवाल्या शेठची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. शेठच्या दुकानाच्या नावानं कुणीतरी खोटं पान काढून चादरी विकत होतं. शेठ घाबरत घाबरत आले. सरांनी लगेच मेसेज टाकला, मंडळींनी रिपोर्ट मारले, संध्याकाळी विमान वर गेलं, "उडवलं!" दुसऱ्या दिवशी शेठ धापा टाकत आले. "अहो सर, माझंच पान गेलं की ओ! कितीतरी वर्षांचे फोटो होते त्याच्यावर. खोटं तसंच चालूय!" दुसरा कुणी असता तर खुर्चीखाली लपला असता. सरांनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या दोन्ही सारखीच होती शेठ. आता तुम्हाला खोटं ओळखायला सोपं जाईल. एकच उरलंय."

शेठ उठले. जाताना स्वतःच्या दुकानाचं छापून ठेवलेलं कार्ड काकांच्या टेबलावरनं उचललं आणि हळूच परत ठेवलं. त्याच्यावर त्याच उडालेल्या पानाचं नाव होतं.

हे सगळं हसण्यावारी नेलं आम्ही. मग रेणुका अक्काचं झालं.

रेणुका अक्का आमच्या गल्लीतली. घरात तेलुगू, वडलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, ही शिकून मास्तरीण झाली. एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची. त्या वर्षी तिला कायम करणार होते. घर तिच्या एकटीच्या पगारावर, त्यामुळं कायम हा शब्द त्यांच्या घरात देवासारखा घ्यायचे. आणि नेमकं तेव्हा तिच्या नावानं, तिचा फोटो लावून कुणीतरी अकाउंट काढलं आणि पालकांबद्दल लिहायला लागलं. कुणाची लायकी काय, कुणाचं पोरगं कसं मठ्ठ, कुणाची आई शाळेत काय नेसून येते. पालक भडकले. शाळेनं अक्काला सांगितलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा. अकाउंट तुमचं नाही म्हणताय ना, मग दाखवून द्या.

अक्का तडक आमच्या दुकानात आली. तिला ते अकाउंट दिसतही नव्हतं, कारण करणाऱ्यानं तिलाच ब्लॉक करून ठेवलेलं. ती मला म्हणाली, "स्वाती, तुझ्या कॉम्प्युटरवर उघड. जे जे आहे ते सगळं जसंच्या तसं काढून ठेव. मी पोलिसात देते."

बरोबर बोलली होती की नाही? पहिल्या वाक्याला बरोबर बोलली होती. पण खुर्चीत सर होते.

"अक्का, पोलिसात कशाला? तिकडं दिवस जातात. मी बसलोय ना." अकाउंटची लिंक एका पालकानं सरांनाच पाठवलेली होती. मी म्हटलं, "सर, मला द्या, मी आधी काढून ठेवते." तर फोन छातीशी धरून म्हणाले, "हात लावू नको. तांत्रिकदृष्ट्या तू ट्रेस होशील." अक्का बिचारी रात्र रात्र झोपली नव्हती. ती म्हणाली, "सर, पण जाईल ना ते? आज जाईल?" सर म्हणाले, "घरी जा. चहा प्या. संध्याकाळपर्यंत उडवतो."

आणि उडवलं हो! ह्या वेळी तर व्हिडिओसुद्धा केला. आमच्या दुकानासमोर उभं राहून, एका हातातल्या फोननं स्वतःचंच शूटिंग, दुसऱ्या हातात फुटका. आधी फुटक्यावर ते अकाउंट दाखवलं, वर नाव-पत्ता सगळं दिसतंय. मग पान ताजं केलं, तर 'हे पान उपलब्ध नाही'. मग विमान. "मित्रांनो, एका भगिनीच्या नावाचं खोटं अकाउंट आपल्या टीमनं उडवलं! मी उडवलं!" गडबडीत पट्टी लावायची राहिली, तसाच ग्रुपवर टाकला. अक्काच्या आईनं पेढे पाठवले. मी पण एक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या दुकानात असतानाच तिला शाळेतनं फोन आला. संस्थेचे अध्यक्षसाहेब स्वतः बोलत होते. "मॅडम, चौकशी लागली आणि लगेच तुम्ही अकाउंट डिलीट केलं. म्हणजे तुमचंच होतं ना?"

अक्कानं फोन ठेवला. "अय्यो देवुडा," एवढंच म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

मी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तिथं सायबरचं बघणाऱ्या एक मॅडम होत्या, कामानं वैतागलेल्या. अक्कानं सरांनी उडवायच्या आधी नेहमीसारखी पट्टी लावून काढलेले, लॅमिनेट केलेले स्क्रीनशॉट पुढं ठेवले. मॅडमनी एक उचलून टेबलावर ठोकून बघितला. "हे काय आहे? रेशनकार्ड?" मग नीट बघितलं. "आणि हा गॉगलवाला कोण? हा आरोपी का?"

मी म्हटलं, "नाही, तज्ज्ञ."

मॅडमनी डोळे मिटले. मग सांगितलं. घाण दिसली की लगेच झाडू मारायचा नसतो. आधी ती जशी आहे तशी दाखवायची, पूर्ण पत्ता, तारीख, वेळ दिसेल अशी. मग पोलीस कंपनीला लिहितात, ह्या पत्त्यावरचं सगळं जपून ठेवा, कुठल्या नंबरवरनं उघडलं ते सांगा. मग काय उडवायचं ते उडवा. "आता मला पत्ता आणा. आणि अकाउंट ह्यांनी नाही, दुसऱ्या कुणी रिपोर्ट मारून बंद पाडलं, ते सांगणारा माणूस आणा. तो माणूस आहे ना तुमच्याकडं?"

आहे की! अहो सगळ्या सोलापूरला ओरडून सांगत सुटलाय! आम्ही दोघी हसतच परत आलो. आयुष्यभर 'मी केलं, मी केलं' म्हणणारा माणूस, त्याला फक्त एकदा, एका कागदावर तेच लिहून द्यायचं होतं.

सर खुर्चीत होते. अक्कानं हात जोडून सांगितलं, "सर, अकाउंट तुम्ही बंद केलं एवढं लिहून द्या. माझी नोकरी वाचेल."

"लेखी?" सर म्हणाले.

"लेखी."

सरांनी कानातलं ब्लूटूथ काढलं. मी पहिल्यांदा त्यांचा मोकळा कान बघितला. "पोलीस काय म्हणाले नेमकं?"

अक्का साधी, तिनं सगळं सांगितलं. पुरावा गेला म्हणून मॅडम चिडल्यात, हे पण सांगितलं. सर उठले, खुर्ची सरळ केली. "हे बघा अक्का, मी फक्त मार्गदर्शन करतो. मी कुठं काय उडवलं? तांत्रिकदृष्ट्या ते आपोआप गेलं."

"सर, व्हिडिओत तुम्हीच म्हणालात की!"

"कुठला व्हिडिओ?"

सरांच्या ग्रुपात मी नव्हते, अन्वरभाई होता; त्याचा फोन मागून घेतला. व्हिडिओ ग्रुपवरनं गेलेला. लिंकचा मेसेजही गेलेला. 'हा मेसेज डिलीट केला आहे'. आमच्यासमोर उभं राहून, खिशात हात घालून, माणसानं पुसून टाकलं! का आधीच पुसलं होतं देव जाणे. लिंक देणाऱ्या पालकानं तर भानगड नको म्हणून फोन उचलणंच बंद केलं. मी त्या दिवशी सरांना जे बोलले ते इथं लिहीत नाही, काका वाचतात. सर रिक्षात बसून गेले. खुर्ची रिकामी राहिली.

अक्का रडली नाही. ती म्हणाली, "स्वाती, ह्या माणसाचे व्हिडिओ जपून ठेवणारा एक तरी वेडा असेल का गं?"

आणि मला बाबूमामा आठवले!

बाबूमामा माझे मामा, होटगीला असतात. रेल्वेतनं रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासनं फॉरवर्ड करायला लागले. सूर्य, गुलाब, मुतखड्यावर उपाय, सगळं. भावकीच्या ग्रुपमधनं त्यांनी मला काढून टाकलेलं, कारण एकदा मी लिहिलं होतं, 'मामा, हे खोटं आहे'. त्यांच्या गावच्या शाळेत सर एकदा व्याख्यानाला गेलेले. तेव्हापासनं मामा सरांचे कट्टर भक्त. रिपोर्ट मारायचं म्हटलं की आधी मामांचा अंगठा.

फोन लावला. "मामा, सायबर सरांचा तो शाळेच्या बाईंचा व्हिडिओ आहे का?"

"आगं हाय की! सरांचं समदं हाय माज्याकडं. ग्रुपवरचा कुटं गेला ठाऊक न्हाय, पर मी लगीच भावकीत टाकलाय न्हवं. तितं हाय. मोबाइल भरलाय म्हनतोय, तरी एक पुसलं न्हाय."

मी ओरडलेच. "मामा, काही दाबू नका! फॉरवर्ड करू नका! फोन असाच ठेवा!"

"आगं पर तुला पाटवू का?"

"नका! फोनच घेऊन या! तुम्ही पण या!"

ठाण्यातनं निघताना, सरांचा व्हिडिओ आहे म्हटल्यावर, मॅडमनी असंच बजावलं होतं. व्हिडिओ इकडंतिकडं फिरवायचा नाही, ज्याच्या फोनवर आलाय तो फोन आणि तो माणूस पाहिजे. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. ठाण्यात त्यांना लिहून द्यावं लागलं की हा फोन माझा, व्हिडिओ मला अमुक ग्रुपवरनं आला, मी त्यात काही बदललेलं नाही. सरांनी जी सही केली नाही ती मामांनी मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश केली. वर मॅडमना म्हणाले, "लई मोटा मानूस हाय ओ मॅडम तो." मॅडमनी व्हिडिओ दोनदा बघितला. पत्ता लिहून घेतला, फोन मामांना परत दिला. "मोठाच आहे," म्हणाल्या.

आता शाळेतली चौकशी. अक्का म्हणाली, तुम्ही दोघं चला. मामांना आम्ही खोटं काही सांगितलं नव्हतं. 'सरांचा व्हिडिओ शाळेत दाखवायचाय' एवढं त्यांनी ऐकलं आणि पुढचं ऐकलंच नाही.

एका वर्गात टेबल मांडलं होतं, भिंतीवर मोठा टीव्ही. अध्यक्षसाहेब, मुख्याध्यापिकाबाई. आणि त्यांच्या शेजारी, गुच्छ पुढं ठेवून, कोण? सर! शाळेनं चौकशीला तज्ज्ञ म्हणून बोलावलेलं. आणि हा माणूस आला होता! त्याला माहीत होतं चौकशी कुणाची, तरी आला होता, कारण बोलावणं होतं, गुच्छ होता. अक्काकडं त्यांनी असं बघितलं की जणू ह्या बाई कोण. आम्हाला बघून ब्लूटूथ मात्र चाचपलं. मामा मागच्या बाकावरनं आनंदानं हात हलवत होते. "सर! ओ सर!" सरांनी छताकडं बघितलं.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "सर, आम्हाला त्यातलं कळत नाही. सोप्यात सांगा. अकाउंट बंद कोण करू शकतं?"

सरांनी घसा खाकरला. एक क्षण, खरंच एक क्षण, मला वाटलं सांगेल हा माणूस. अक्काच्या आईचे पेढे खाल्लेत, सांगेल.

"तांत्रिकदृष्ट्या," सर म्हणाले, "ज्याचं खातं, तोच."

अक्का उभी राहिली. आवाज तिचा वर्गातला होता. "सर, परत एकदा सांगा. मागं ऐकू गेलं नाही."

"ज्याचं खातं, तोच बंद करतो."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी मामांचा फोन टीव्हीला जोडला.

भिंतभर सर! गॉगल, फुटका फोन, मागं आमच्या दुकानाची पाटी. अकाउंट, त्याचा पत्ता, मग 'हे पान उपलब्ध नाही', मग विमान. "मी उडवलं!" आवाज इतका मोठा होता की बाहेर व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. अध्यक्षसाहेब एकदा टीव्हीकडं बघतायत, एकदा शेजारच्या खुर्चीकडं. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी म्हणेल. माफी, चूक, काहीतरी.

सर पुढं वाकून टीव्ही निरखत होते. मग मागं टेकले आणि म्हणाले, "हा व्हिडिओ माझा नाही."

"अहो, तुम्ही दिसताय त्यात!" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"तांत्रिकदृष्ट्या नाही. ह्याच्यावर माझी पट्टी नाही."

मागनं मामा ताडकन उभे राहिले. त्यांना वाटलं सर लाजतायत. "सर, तुमीच की ओ! मी समद्या भावकीला दावलाय. पोलिसात बी लिवून दिलंय, हे आपलंच सर म्हनून!"

पुढं काय बोलणं झालं ते सगळं आठवत नाही, मला हसू आवरत नव्हतं आणि अक्का रडत होती. अध्यक्षसाहेबांनी गुच्छ उचलून टेबलाखाली ठेवला, एवढं आठवतंय. अक्का पुढच्या आठवड्यात कामावर गेली. कायमची ऑर्डरही निघाली. ते अकाउंट कुणी काढलं होतं त्याचा तपास अजून पोलिसांकडं आहे, कंपनीचं उत्तर यायचंय. पण कंपनीला लिहिता तरी आलं, कारण पत्ता होता.

सर त्यानंतर नवी पेठेत फिरकले नाहीत. ऐकलं की टेंभुर्णीला हायवेच्या कडेला अकॅडमी काढलीय. लाल खुर्चीत आता गिऱ्हाइकं बसतात.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या चौकशीच्याच दिवशी, शाळेच्या मैदानात. स्कूटरला किल्ली लावत होते, किल्ली लागत नव्हती. मामा धावत गेले. "सर, एक फोटू." मला वाटलं आता झटकतील. पण फोन समोर आला तसा त्यांचा हात आपोआप घडीत गेला, गॉगल चढला, मान वर झाली. मामांनी फोटो काढला. मग सरांना एकदम काय वाटलं कुणास ठाऊक. गॉगल काढला. बिनगॉगलचे डोळे बारीक होते, दमलेले.

"बाबूराव," ते म्हणाले, "टाकू नका हो कुठं. आणि तो व्हिडिओ... आहे तेवढं सगळं पुसून टाका ना."

मामांनी फोन खिशात घातला, वरनं थोपटला.

"छ्या, सर! तुमचं कायबी मी कदी पुसत न्हाय."